विषय: बाबांसाठी तळ्याकाठचा सायकलमार्ग, गाड्या नसलेला

मुलुंडहून, रविवारी रात्री

नमस्कार मंडळी,

मी सध्या महिनाभर मुलुंडला माहेरी आहे. जूनमध्ये ग्लासगोला परतताना आई-बाबांनाही घेऊन येतेय. बाबा 71 वर्षांचे आहेत. भांडुपच्या कारखान्यात 31 वर्षं सायकलने गेले-आले, पावसाळ्यातसुद्धा. चार वर्षांपूर्वी एलबीएस रोडवर मागून आलेल्या रिक्षाचा आरसा कोपराला लागून ते पडले आणि मनगट मोडलं. हाड सांधलं, पण सायकल जिन्याखाली गेली ती गेलीच. आई शनिवारी तिच्यावरून फडकं फिरवते, बाबा तिकडे बघतही नाहीत.

त्यांना निदान एक दिवस मनसोक्त सायकल चालवायला मिळावी, एवढंच मनात आहे. तळ्याकाठचा रस्ता हवा आणि मागून गाडी येण्याची धास्ती नको. तिकडे ग्लासगोजवळ असं कुठे आहे? बाबा म्हणतात, "त्यासाठी इतक्या लांब कशाला? पवईला ट्रॅक होणार होता ना?" त्यांना काय सांगावं ते मला कळलं नाही. पवईच्या काकू, तुम्हीच सांगा.

पवईहून, सोमवारी सकाळी

बाळा,

तुझं पत्र वाचलं आणि चहा तसाच राहिला. 22 वर्षं ग्लासगोत काढून मी इथे परतले, पण तिथल्या आपल्या मराठी मंडळाची पत्रं अजून सगळ्यात आधी उघडते.

बाबांना ग्लासगोच्या उत्तरेच्या लॉख कॅट्रिनला ने (लॉख म्हणजे तिकडचं तळं), दुसरीकडे कुठेही नको. लॉख लोमंडच्या पश्चिम काठानेही बलॉखकडून टार्बेटपर्यंत सायकलमार्ग जातो, पण त्याचा बराच भाग ए-82 या हमरस्त्याला लागून आहे. शेजारून ट्रक धडधडत गेले की बाबांचा कोपर आपोआप आत ओढला जाईल. कॅट्रिनला तसं काही नाही. तिथला रस्ता पाणीखात्याचा खासगी रस्ता आहे. चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना मोकळा, गाड्यांना बंद. पाणीखात्याची एखादी गाडी आणि तिथल्या चार घरांतल्या माणसांची वाहनं, एवढीच काय ती वर्दळ.

जायचं कसं, तर ॲबरफॉइलवरून घाट चढून ट्रॉसॅक्स पिअरला पोचा. तिथे सायकली बोटीत चढवा. तासाभराने पलीकडे स्ट्रॉनॅकलॅकरला उतराल. तिथे चहाचं दुकान आहे, पोटभर खाऊन घ्या, कारण पुढे 21 किलोमीटरवर काही म्हणजे काही मिळत नाही. मग सायकलने परत. स्ट्रॉनॅकलॅकरहून सुरुवात करा असं मुद्दाम सांगते. तिकडचा वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा असतो. तळ्याचं टोक ओलांडेपर्यंत तो तोंडावर येतो, पण उत्तरेचा लांबलचक काठ लागला की पाठीशी राहतो. उलट्या दिशेने गेलात तर तोच वारा सगळी मजा खाऊन टाकतो. बाबांना पूर्ण प्रदक्षिणा हवी असेल तर ती मात्र होत नाही, दक्षिणेच्या काठाने सलग रस्ताच नाही. आणि उत्तरेचा रस्ताही सपाट नाही. चढ छोटे आहेत, पण संपत नाहीत. चढाला उतरून सायकल हातात धरून चालण्यात काही कमीपणा नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेव.

वाटेत टोकाला ग्लेनगाइल लागेल, स्कॉटलंडचा प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय मॅकग्रेगर 1671 मध्ये जन्मला ते ठिकाण. पण थांबायचं ते पुढे, मॅकग्रेगर घराण्याच्या दफनभूमीपाशी. तळ्याची पातळी वाढवली तेव्हा ती बुडू नये म्हणून तिला भिंत घातली आणि काठापासून तिथवर दगडी वाट बांधली. आता ती पाण्यात शिरलेल्या जिभेसारखी दिसते. मी तिथे बसून दशम्या आणि लसणीची चटणी खाल्ली आहे. इतकी शांतता होती की आडव्या टाकलेल्या सायकलचं चाक थांबेपर्यंत टकटक वाजतं, तेही ऐकू आलं.

पातळी का वाढवली, ते बाबांना नक्की सांग, त्यांना रस वाटेल. ग्लासगोत पटकीच्या साथी येत होत्या. म्हणून शहराने हे तळं पिण्याच्या पाण्यासाठी घेतलं. 1859 मध्ये योजना सुरू झाली आणि चाळीसेक किलोमीटरवरून पाणी नुसत्या उताराने शहरात आलं, पंप नाही की काही नाही. आणि आपला विहार तलाव पुरा झाला 1860 मध्ये! 1854 च्या पाणीटंचाईनंतर मिठी नदी अडवून मुंबईने तो बांधला. एकाच दशकात दोन शहरांनी डोंगरातलं पाणी घरी आणलं. तुळशी झाला 1879 मध्ये. विहार आणि तुळशीचं पाणी आपण आजही पितो, म्हणून तिथे आपल्याला जाऊ देत नाहीत. मला त्याचं वाईट वाटत नाही.

पवईचं दुखणं वेगळं. हा तलावसुद्धा पाण्यासाठीच बांधला होता, पण पाणी पिण्यालायक राहिलं नाही आणि तलाव जणू कोणाचाच उरला नाही. जलपर्णी, सांडपाणी, सगळं त्याच्या वाट्याला आलं. मग महापालिकेने काठाने सायकल आणि जॉगिंगचा ट्रॅक करायला घेतला. खरं सांगते, ऐकलं तेव्हा मला आनंद झाला होता. पण दगड पडायला लागले ते काठाच्या ओल्या जागेत, जिथे मगरी ऊन खायला येतात आणि जांभळ्या पाणकोंबड्या चिखलात पाय बुडवून चालतात. प्रकरण कोर्टात गेलं. मे 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं आणि जागा होती तशी करून द्यायला सांगितलं. मला सायकल किती प्रिय आहे ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, तरी मला तो निकाल मनापासून पटला. सायकलवाल्याला जागा हवी तर ती गाड्यांकडून घ्यावी, तळ्याकडून घेऊ नये. कॅट्रिनला नेमकं तेच आहे. सायकलसाठी वेगळं काही बांधलेलं नाही, रस्ता आहे तोच आहे, फक्त गाड्यांना मज्जाव आहे. पवईभोवतीच्या रस्त्यावर रविवारी सकाळी दोन तास असंच करता येईल, असं मी आमच्या सोसायटीत दर सभेला मांडते.

बाबांना हे माझ्या शब्दांत सांग. आणि जायच्या आधी सराव हवाच. बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्ये आत सायकली भाड्याने मिळतात. कान्हेरीचा रस्ता सकाळी लवकर गाठा, चढाचीही सवय होईल. सोमवारी पार्क बंद असतो.

— काकू

ग्लासगोहून, सोमवारी दुपारी

काकूंनी सगळं सांगितलंच आहे, दोन गोष्टींची भर घालतो. बोटीत सायकलींना जागा मोजकी असते. माणसांचं तिकीट काढताना सायकलींचंही बुकिंग करा, नाहीतर धक्क्यावर उभं राहावं लागेल. पिअरवर बॅटरीची सायकल भाड्याने मिळते. काकांसाठी तीच घ्या, त्या चढांना ती लागते. आणि जूनमध्ये चिलटं असतात. वारा पडला की झुंडीने येतात, तेव्हा तोंडावर ओढायची जाळी बरोबर ठेवा.

जुनी आगबोट सवारीला असेल तर तिच्यातूनच जा, असं नक्की सांगेन. सर वॉल्टर स्कॉट नावाची ही बोट डम्बार्टनला बांधली, सुटी करून लोमंडमार्गे आणली, तिथून घोडागाड्यांवर डोंगर ओलांडून कॅट्रिनला जोडली. 1900 पासूनची आहे. काका कारखान्यातले, त्यांना इंजिनाजवळ उभं करा.

मुलुंडहून, पुढच्या रविवारी

काकू, दादा,

आज पहाटे आम्ही बोरिवलीला गेलो. काकूंचं पत्र मी बाबांना दोनदा वाचून दाखवलं होतं. "गाड्यांकडून घ्यावी" हे त्यांनी परत वाचायला लावलं. भाड्याच्या सायकलींपैकी पहिली त्यांनी परत केली, मागचा ब्रेक घासत होता. दुसरीची सीट स्वतः वर केली, टायर अंगठ्याने दाबून पाहिला, खिशातून पँटची जुनी क्लिप काढून घोट्याला लावली. ती क्लिप त्यांनी चार वर्षं जपून ठेवली होती हे आईलाही माहीत नव्हतं.

पहिली दहा मिनिटं ते पुन:पुन्हा मागे वळून पाहत होते. पार्कची बस आली की उतरून कडेला उभे राहायचे. कान्हेरीच्या अलीकडच्या चढाला दोनदा थांबले. येताना उतारावर मात्र मला मागे टाकून गेले, आणि खाली पोचल्यावर घंटी वाजवत माझी वाट बघत होते.

बॅटरीची सायकल नको म्हणतायत. दादा, त्यावर तुम्हीच एकदा फोनवर बोला. आई सायकलवर बसणार नाही, ती बोटीनेच परत येईल आणि पिअरवर थांबेल. तिचं तिकीट दोन्ही वेळचं काढते, आमची दोघांची फक्त जातानाची, सायकलींसकट.