विहिरीकाठची जुनी द्राक्षवेल काढावी का?

मळ्याची लेक: नमस्कार. आमची बाग तासगाव तालुक्यात, तिसऱ्या पिढीची. म्हणजे जमीन तीच, वेली तीनदा लावल्या. आजोबांनी आधी अनाब-ए-शाही जातीची द्राक्षं लावली होती. त्यांच्या वहीत १९६८ च्या पानावर फक्त "दावण्या. सगळं गेलं." एवढंच आहे. दावण्या म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग. मग बिनबियांची थॉमसन आली. दादांनी तीही काढून डॉगरिजच्या खुंटावर (खाली मुळासाठी लावायची काटक वेल) तास-ए-गणेश ही जात कलम करून भरली. आता धाकटा भाऊ म्हणतो, हीही काढू, काळी द्राक्षं लावू.

विहिरीच्या कडेला मात्र एक जुनी वेल उरलीय. बुंधा माझ्या पिंढरीएवढा. मांडव नाही, तारा नाहीत, मोटेच्या दगडी खांबावर चढलीय. आजी तिला कुणाला हात लावू द्यायची नाही. तिथून ट्रॅक्टरला वाट हवीय, म्हणून ती या महिन्यात काढायची ठरलंय. जात कोणती असेल? काडी जगवता येईल का?

नान्नजचा पाहुणा: ताई, बी लागतं का? नसेल तर थॉमसनच्या घरातली समजा. पण त्यातही तास-ए-गणेश तुमच्याच बोरगावची, सोनाका आमच्या नान्नजची, नानासाहेब काळे यांच्या बागेतली. दोन्ही थॉमसनमधूनच निघाल्या. मणी बघितल्याशिवाय नाव सांगता यायचं नाही.

मळ्याची लेक: बी आहे! लहानपणी कोण लांब थुंकतं याची शर्यत लावायचो. मणी मोठा, लांबट, पिकला की पिवळसर.

बेदाणा काका: मग अनाबच गं पोरी. वहीत "सगळं गेलं" लिहून आजोबांनी ही एक ठेवली म्हणायची.

दावण्यावर फवारायला आमचे वडीलही मोरचूद-चुना हातानं कालवायचे. द्रावणात विळा बुडवायचा, तांबूस झाला की अजून चुना. धोतरावरचे निळे डाग कधी गेलेच नाहीत. तेव्हा खुंट-बिंट काही नव्हतं, काडी सरळ मातीत. पाणी कमी पडायला लागलं, क्षार वाढले, तेव्हा आपण डॉगरिजकडे वळलो.

आता काम ऐक. डॉगरिजची चार-पाच रोपं आत्ताच लावून ठेव. एप्रिलमध्ये जुन्या वेलीची खरड छाटणी कर, म्हणजे काड्या आखूड कापून नवी फूट येऊ दे. ऑगस्ट-सप्टेंबरात काडी पक्व झाली की पाचर कलम कर, म्हणजे काडी पाचरेसारखी तासून डॉगरिजच्या चिरेत बसव. तोवर कुऱ्हाड लावायची नाही. आणि विकायचा विचार सोड, बीवाला माल व्यापारी फुकटसुद्धा उचलणार नाही. चार वेली घरच्या पोरांना थुंकायला.

मळ्याची लेक: काका, भावाला हे वाचून दाखवलं. वहीचं पान पुन्हा काढून तो बराच वेळ बघत बसला. सप्टेंबरपर्यंत ट्रॅक्टर पलीकडून वळवू म्हणालाय. पलीकडे आईचा शेवगा आहे. ती सकाळपासून आमच्या दोघांशी बोलत नाहीये.