टीएसएच ५.८, युरिक अ‍ॅसिड ८.९ आणि पुढच्या महिन्यात स्लीव्ह (वजनासाठी पोट लहान करायचं ऑपरेशन): थायरॉइडची गोळी आत्ताच सुरू करू का?

कोपरखैरणेचा_भाऊ
मंडळी, वय ४३, उंची साडेपाच फूट, वजन ११८ किलो. तुर्भ्याच्या मसाला मार्केटात दिवसभर गाळ्यावर बसून काम. ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) ५.८, म्हणजे जास्त आला, पण फ्री टी४ (थायरॉइड स्वतः बनवते ते संप्रेरक) नॉर्मल, तोही वरच्या काठाला. अँटी टीपीओ (शरीरच थायरॉइडवर हल्ला करतंय का, ती तपासणी) निगेटिव्ह. युरिक अ‍ॅसिडही जास्त, ८.९. गटारीला मटण-बिअर झाली होती, तेव्हा पहाटे उजव्या पायाचा अंगठा असा सुजला की चादरीचा स्पर्श सोसवेना. मेव्हणी म्हणते, "थायरॉइडच आहे, माझी ५० ची गोळी चालू करा." सर्जन म्हणतात थांबा. टी४ भरपूर असताना टीएसएच वाढतोच कसा? आणि अंगठ्याचा याच्याशी काय संबंध?

घोडबंदरची_ताई
भाऊ, मेव्हणीची गोळी मेव्हणीलाच राहू द्या. माझंही असंच होतं, स्लीव्हच्या वेळी १०९ किलो होते.

मला समजलं ते असं: टी४ वाढला की मेंदूखालच्या पिट्यूटरीने टीएसएच कमी करायचा असतो. लठ्ठपणात तिचे कान जड होतात, म्हणून दोन्ही वर. शिवाय चरबीतून लेप्टिन नावाचं संप्रेरक निघतं, तेही टीएसएच वाढवतं. म्हणजे ग्रंथी बिघडलेलीच असेल असं नाही. वजन उतरलं की टीएसएच बऱ्याचदा आपोआप खाली येतो. माझा आला, गोळीशिवाय.

अंगठा सुजतो तो युरिक अ‍ॅसिड सांध्यात साचून, म्हणजे गाऊट. त्याचंही मूळ बरंचसं लठ्ठपणातच. इन्शुलिनला शरीर दाद देईनासं झालं की रक्तात इन्शुलिन वाढतं आणि मूत्रपिंड युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकायला कंजुषी करतं.

पण एक गोष्ट मला कुणी नीट बजावली नव्हती. ऑपरेशननंतर युरिक अ‍ॅसिड लगेच उतरत नाही, आधी उसळतं! खाणं जवळपास बंद, चरबी भराभर वितळते, त्यातून तयार होणारी कीटोन्स मूत्रपिंडात युरिक अ‍ॅसिडची वाट अडवतात, त्यात पाणी घोटघोट. नवव्या दिवशी माझा अंगठा टोमॅटो झाला. यजमान मेडिकलमधून पेनकिलर आणायला निघाले होते, मी अडवलं. ऑपरेशन झालेल्या पोटाला त्या गोळ्यांनी अल्सर होऊ शकतो. सर्जनला आत्ताच विचारून ठेवा, अंगठा सुजला तर काय घ्यायचं.

वाशी_लॅबवाला
ताईंशी सहमत. सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर निदान दोन दिवस आधी बंद करा, रिपोर्ट फसतो. आणि भाऊ, बीपीची गोळी कोणती?

कोपरखैरणेचा_भाऊ
पट्टी उलटून पाहिली. टेल्मिसार्टन ४०, हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५.

वाशी_लॅबवाला
त्यातलं दुसरं औषध युरिक अ‍ॅसिड वाढवतं. मनाने बंद करू नका, डॉक्टरांना पट्टी दाखवा.

कोपरखैरणेचा_भाऊ
शनिवारी दाखवतो. गटारीचं नाव उगाच बदनाम झालं म्हणायचं, निम्मं तरी. आता मेव्हणीला काय सांगू, तेवढं कुणीतरी सांगा.