घरी ट्रॅकिओस्टॉमी ट्यूब: बेडका चिकट, सक्शनला रक्त

उचगावकर:
वडिलांना स्ट्रोकनंतर ट्रॅकिओस्टॉमी (गळ्याला भोक पाडून श्वासाची ट्यूब) करून महिना झाला, गेल्या आठवड्यात घरी आणलंय. पोर्टेक्स कंपनीची साडेसातची (आतलं माप, मिमी) ट्यूब, फुग्याची. आत काढता येणारी नळी नाही. आता बेडका चिकट झालाय, सक्शनला (मशीननं कफ ओढताना) लाल धागे येतात. मेडिकलवाल्यानं हिरव्या टोकाचे १४ नंबर कॅथेटर (कफ ओढायच्या बारीक नळ्या) दिलेत. दर तासाला ओढतोय, तरी छाती घरघरतेच. काय चुकतंय?

आयसीयू_सिस्टर:
१४ नंबर जाड आहे. कॅथेटर ट्यूबच्या आतल्या मापाच्या निम्म्याहून जाड नको. नंबराला तीननं भागलं की मिलिमीटर निघतात: १४ म्हणजे ४.७, तुमचं निम्मं ३.७५. काळ्या टोकाचा १० नंबर आणा. जाड कॅथेटरच्या बाजूनं हवा जात नाही, ऑक्सिजन झटकन उतरतो.

रक्त बहुतेक खोल घातल्यानं येतंय. जादाच्या ट्यूबवर कॅथेटर ठेवून लांबी मोजा, त्यापुढे फार तर १ सेंमी. आत जाताना अंगठ्याचं भोक उघडं, बाहेर काढतानाच बंद, १० सेकंदांत बाहेर. मशीनची नळी बोटानं दाबून दाबाचा काटा ८० ते १२० मिमी पाऱ्यावर लावा. आणि घड्याळ बघून सक्शन नको. घरघर, खोकला, ऑक्सिजन उतरणं, यापैकी काही असेल तेव्हाच. नळी टोचत राहिली की कफ उलट वाढतो. धाग्यांऐवजी ताजं लाल रक्त आलं तर, थांबलं तरी, लगेच दवाखाना.

पंचगंगाकाठ:
सक्शनआधी ५ मिली सलाईन ट्यूबमध्ये सोडा, सुटतं सगळं.

श्वास_फिजिओ:
दरवेळी सलाईन ओतायची सवय नको दादा. बेडका फारसा पातळ होत नाही, पाणी मात्र खाली उतरतं. मूळ दुखणं कोरड्या हवेचं आहे. नाक हवा ओली आणि गरम करतं, ते काम इथं सुटलंय. ट्यूबवर एचएमई, म्हणजे कृत्रिम नाक, लावा. रोज बदला, कफानं भरलं तर आधीच. दर सहा तासांनी ३ ते ५ मिली नॉर्मल सलाईनचं नेब्युलायझेशन (मशीननं बारीक फवारा श्वासातून देणं), तेवढ्या वेळापुरतं एचएमई काढून. तोंडासमोर पंखा नको. आपल्याकडं उसाचा पाला पेटला की खिडकी बंद. पेजेतून, अन्नाच्या नळीतून पाणी पुरेसं जातंय का, हेही डॉक्टरांना विचारा.

ट्यूबच्या फुग्याचा दाब मॅनोमीटरनं (दाब मोजायच्या यंत्रानं) २० ते ३० सेंमी पाणी ठेवा; बोटानं दाबून अंदाज येत नाही. जास्त झाला तर श्वासनलिकेची आतली कातडी मरते, पुढं ती आकसते.

उचगावकर:
आणि कॅथेटर आतच गेला नाही तर?

आयसीयू_सिस्टर:
मग ट्यूब बंद पडलीय असंच धरायचं. १०८ ला फोन, फुग्यातली हवा सोडा (म्हणजे वरच्या, नाकातोंडाच्या वाटेनं हवा जाते), ऑक्सिजन तोंडावरही आणि गळ्यावरही. तरी दम लागत असेल तर बंद ट्यूब आत ठेवण्यापेक्षा काढलेली बरी. महिन्याभराचं गळ्याचं भोक पटकन मिटत नाही. दुसरी घालायचं मात्र डिस्चार्ज देणाऱ्यांकडून किंवा कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात हातानं शिकून घ्या. उशाशी साडेसात आणि सातची ट्यूब, १० मिली सिरिंज, ट्यूब गळ्याला बांधायची फीत, जेली, अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी). फितीखाली एक बोट शिरलं पाहिजे.

पंचगंगाकाठ:
लाईट गेल्यावर पायानं चालणारं सक्शन लागतं, तेही घेऊन ठेवा.