मदत हवी आहे: जाखडीच्या जुन्या कॅसेटचा आवाज दबलाय

ऐंशीच्या दशकात गिरणगावात आमचं जाखडीचं, म्हणजे कोकणातल्या फेर धरून करायच्या नाच-गाण्याचं, मंडळ होतं. गावाकडची पोरं, पाळी सुटली की चाळीच्या गच्चीवर तालीम. त्या काळच्या शक्ती-तुऱ्याच्या (शक्तीवाले आणि तुरेवाले अशा दोन बाजूंच्या सवाल-जवाबाच्या) सामन्यांच्या काही कॅसेट माझ्याकडे आहेत. आमचे बुवा आता नाहीत, आणि त्यांनी बांधलेल्या गण-गवळणींच्या चाली कुणी लिहून ठेवलेल्या नाहीत. गावातली आताची पोरं त्या मागतायत, म्हणून हा खटाटोप.

अडचण अशी: ढोलकीची थाप नीट येते, पण झांज आणि पायातले चाळ जवळपास ऐकूच येत नाहीत, शब्दही पुसट. रेकॉर्डिंग मोनो टू-इन-वनवर (रेडिओ-कॅसेट रेकॉर्डरवर), त्याच्याच माइकने केलेलं. वाजवतोय स्टिरिओ डेकवर, तिथून लाइन-इनने लॅपटॉपला. हेड आणि पिंच रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, कॅसेट पुढे-मागे पूर्ण फिरवून घेतल्या. विकतच्या कॅसेट याच डेकवर स्वच्छ वाजतात, त्यामुळे डेक ठीक असावा. स्वस्तातला यूएसबी प्लेयरही घेऊन पाहिला, त्यात सूरच हलतो. मूळ टू-इन-वन भंगारात गेला.

कॅसेट कुरिअरने कुठेही पाठवणार नाही, दुसरी प्रत नाही. मुंबई-ठाण्यात स्वतः घेऊन येऊ शकतो.

हेडचा अ‍ॅझिमथ स्क्रू (टेपशी हेडचा कोन बदलणारा) प्रत्येक कॅसेटसाठी कानाने जुळवला तर चाळांचा आवाज परत मिळेल का? आणि हे काम समोर बसवून करून देणारा जुना टेप मेकॅनिक कुणाच्या माहितीत आहे का?