पालक: प्रमाण, वेळ आणि पथ्य (अनुभव धागा)

पालकाबद्दल अनुभवाने पक्कं झालेलं इथे लिहा. 'पौष्टिक असतो' हे सगळ्यांना ठाऊक आहे. किती, कसा, किती वेळ आणि बिघडतं कुठे, ते हवं.

नाशिक
मुळं कापून टाका. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन पानं बुडवा, हलवा, पाच मिनिटं थांबा आणि पानं हाताने वर काढा. पातेलं चाळणीत ओतलंत तर तळाची माती परत पानांवर. असं तीनदा. आधी धुणं, मग चिरणं. फ्रिजमध्ये मात्र न धुता, कागदात गुंडाळून. ओली पानं लगेच चिकट होतात.

पुणे
ताकातला पालक: एक जुडी, दोन-दोन चमचे चणाडाळ आणि शेंगदाणे, दोन चमचे बेसन, दोन वाट्या आंबट ताक. डाळ-दाणे तीन तास भिजवून कुकरमध्ये वेगळ्या वाटीत लावा. ताक घालण्याआधी डाळ पूर्ण शिजलेली हवी, कारण आंबटात ती नंतर कितीही उकळली तरी टणकच राहते. शिजलेला पालक रवीने घोटा. बेसन थोड्या ताकात गुठळ्या मोडून मग सगळ्या ताकाला लावा, पालकात ओता आणि मंद आचेवर ढवळत राहा. बेसन ताक फाटू देत नाही, पण धडधडत्या आचेवर तेही हात टेकतं. गूळ चवीपुरता. वरून लसूण, लाल मिरची, पाव चमचा मेथीदाण्यांची फोडणी. मेथीदाणे काळे पडले की सगळी भाजी कडू. रंग शेवाळी होणारच, आंबटाचा तो गुण आहे. हिरवागार रंग हवा असेल तर पालक पनीर करा: उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, झाकण न ठेवता, लगेच बर्फाच्या पाण्यात. सोडा नको. रंग राहतो, पण पानाचा लगदा होतो आणि जीवनसत्त्वं जातात.

नागपूर
आमच्या पंगतीतल्या डाळभाजीत पालकाबरोबर आंबट चुका हवाच. तूरडाळ एक वाटी, चणाडाळ पाव, चिरलेला पालक दोन, चुका अर्धी. चुका डाळ शिजल्यावरच घालायचा, कारण वर आलंच आहे. शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप विसरू नका. नुसत्या पालकाची केलीत तर ती डाळ-पालक, डाळभाजी नव्हे!

कोल्हापूर, आहारतज्ज्ञ
लोहाचा गवगवा जरा जास्तच आहे. 100 ग्रॅम कच्च्या पालकात साधारण 3 मिलिग्रॅम लोह, आणि त्यातलं अंगी लागतं थोडंच. लिंबू पिळा, चहा जेवणाला लागून घेऊ नका. कॅल्शियम तर पालकातल्या ऑक्झलेट या कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या घटकामुळे जेमतेम 5 टक्के शोषलं जातं, म्हणून पालकाला दुधाचा पर्याय समजू नये. पालकाची खरी श्रीमंती फोलेट (एक ब जीवनसत्त्व), क जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटिनमध्ये; कॅरोटिनसाठी चमचाभर तेल-तूप हवंच.
ऑक्झलेटचे मुतखडे होत असतील तर पालक आणि चुका दोन्ही जपून. उकडून पाणी फेकलं की ऑक्झलेट बरंच कमी होतं, पण फोलेटही जातं. त्यामुळे बाकीच्यांनी पाणी डाळीत किंवा कणकेत वापरावं. वॉरफेरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी गोळी) चालू असेल तर पालक बंद नको, प्रमाण दर आठवड्याला सारखं ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. अचानक वाढवला तर त्यातल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम कमी होतो.

ठाणे, गॅलरीतली बाग
आपल्याकडचा देशी पालक बहुतेक वेळा बीटाच्याच जातीतला असतो. परदेशी पालक वेगळा, त्यामुळे तिकडचे आकडे इथे जसेच्या तसे लावू नयेत. बी रात्रभर भिजवा, एक सेंटिमीटर खोल पेरा. एका 'बी'तून दोन-तीन रोपं येतात. दाटी झाली तर विरळणी करा. महिन्याभरात पहिली कापणी, बुडाशी दोन बोटं देठ ठेवून. मधला कोंब कापलात तर पुन्हा फुटत नाही.

न्यू जर्सी
गोठवलेला चिरलेला पालक आधीच उकळत्या पाण्यातून काढलेला असतो, परत उकडू नका. वितळवून मुठीत घट्ट पिळा. न पिळता पराठ्यात घातला तर कणीक सैल होते, मग वरून पीठ घालत बसावं लागतं आणि पराठे चिवट होतात.