मदत हवी आहे : घोडीच्या पोटात कळा येताहेत, डॉक्टर पोहोचायला दीड तास, तोपर्यंत काय करू?

कृष्णाकाठ (धागाकर्ती), रात्री 9:50

घोडी सांभाळणारं कुणी जागं असेल तर कृपया लगेच वाचा.

वाईहून धोमकडं जाणाऱ्या रस्त्यालगत आमची वस्ती आहे. घोडीचं नाव हरणी, वय 14, वजन साधारण साडेतीनशे किलो. संध्याकाळी पाचला चंदी (घोडीचा दाणा) ठेवली तर तिनं तोंड लावलं नाही. एरवी चंदीचा डबा वाजला की दावं ताणून उभी राहते. सहाच्या सुमाराला पुढच्या पायानं जमीन उकरायला लागली. मान वळवून सारखी कुशीकडं बघते, वरचा ओठ दुमडते, बसते, लगेच उठते. साडेआठला एकदा गडाबडा लोळली. मानेला आणि कोपरामागं घाम आहे. लीद सकाळपासून नाही. सकाळी टाकली तीही चारच गोळे, कोरडी, वर शेंबडासारखा पडदा.

आमच्या जवळचे जनावरांचे डॉक्टर गाई-म्हशींचं बघतात. त्यांनीच घोड्यांचं काम करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांना फोन लावून दिला. ते शिरवळच्या बाजूनं निघालेत, पण खंबाटकी घाटात ट्रकांची रांग लागलीय, साडेअकरा वाजतील म्हणाले. "पुढ्यातला चारा सगळा काढा" एवढं सांगितलं आणि फोन तुटला. तेव्हापासून लागत नाही.

घरी मी, आई आणि आबा. वडील आणि भाऊ लग्नाला कराडला गेलेत. आबांनी जन्मभर बैल सांभाळले. ते चुलीवर करडईचं तेल कोमट करून, बांबूचा नळा धुऊन तयार बसलेत. "बैल फुगला की हेच पाजतो आपण, घोडीला काय वेगळं पोट आहे?" म्हणतात. मला उत्तर देता येत नाही, पण मन धजत नाही. शेजाऱ्यांकडं गाईचं दुखण्याचं इंजेक्शन उरलंय, ते टोचू का असं तेही दोनदा विचारून गेले.

तेल पाजायचं का? इंजेक्शन द्यायचं का? आणि तिला फिरवत ठेवायची का बसू द्यायची? बसली की आतडं पिळतं असं एक जण सांगतो, फिरवून दमवू नका असं दुसरा सांगतो.

मागच्या आठवड्यात आमचा ऊस कारखान्याला गेला. वाढं (उसाचे हिरवे शेंडे) भरपूर होतं, म्हणून चार दिवस हिला वाढ्यावरच ठेवलंय. काम काहीच नाही, नुसती बांधून आहे. थंडीनं पाणीही कमी पितेय असं आई म्हणते.

पठारावरचा, रात्री 9:57

ताई, तेल पाजू नका. आधी हे वाचा, मग बाकीचं.

पाचगणीला टेबललँडवर माझी दोन घोडी असतात. 2019 ला तिसरा होता. त्याला असाच शूळ उठला आणि आम्ही घरच्यांनीच त्याचं तोंड वर धरून नळ्यानं तेल ओतलं. पोट सुटलं, दुसऱ्या दिवशी लीदही टाकली. आम्ही खूश. तिसऱ्या दिवसापासून खोकला, नाकातनं घाण, ताप. तेल छातीत गेलं होतं. सहाव्या दिवशी गेला. पोटानं नाही गेला, आमच्या हातानं गेला. तुमच्या आबांना सांगा, एक घोडेवाला पाया पडून सांगतोय.

इंजेक्शनही नको. चारा काढलाच असेल, खाली अंथरलेलं गवत-पाचटही काढा, दुखत असलं तरी ती तोंड घालते.

पाचव्या वर्षातली, रात्री 10:04

पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते, अजून डॉक्टर झालेली नाही. म्हणून तुमच्या डॉक्टरांचा फोन लागला की त्यांचंच ऐका. तोपर्यंत सांगता येईल तेवढं सांगते.

आबांच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण प्रश्न रास्त आहे. बैलाचं पोट वेगळं आणि घोड्याचं वेगळंच. बैल रवंथ करतो, ढेकर देतो, त्याचं पहिलं पोट म्हणजे मोठा हौद. घोड्याला ढेकर नाही आणि उलटीही नाही. अन्ननलिका पोटाला मिळते तिथली झडप इतकी घट्ट असते की आत गेलेलं वर येत नाही. पोटही लहान, 8 ते 15 लिटरचं. त्यात वायू किंवा पाणी तुंबलं तर पोट फाटू शकतं. म्हणून डॉक्टर नाकातनं नळी घालतात ते आधी आत तुंबलेलं बाहेर काढायला, आणि मगच औषध सोडायला. तुम्ही वरनं ओतलं तर भरलेल्या पोटात भर पडणार, किंवा पठारावरच्या दादांनी सांगितलं तसं ते छातीत जाणार.

गाईचं इंजेक्शन देऊ नका. दुखणं दाबलं जातं आणि डॉक्टर आल्यावर त्यांना खरी अवस्था कळत नाही. घोड्याला स्नायूत टोचलेल्या काही औषधांनी मांस सडून जीवावर बेततं. काय द्यायचं ते डॉक्टर शिरेतनं देतील.

आता तुम्ही एक काम करा, हे फार उपयोगी पडेल. नाडी मोजा. जबड्याच्या हाडाची खालची कड बोटांनी चाचपत जा. गालाचा गोल भाग संपतो तिथं एक शीर हाडावरून आत वळते, पेन्सिलीएवढी जाड, बोटाखाली घरंगळते. हलकंच दाबून धरा, 15 सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा, चारनं गुणा. स्वस्थ घोड्याचे मिनिटाला 28 ते 44. मग ओठ उचलून हिरडी बघा : गुलाबी, ओली हवी. अंगठ्यानं दाबून सोडा, पांढरा ठसा दोन सेकंदांत परत गुलाबी झाला पाहिजे. मग दोन्ही कुशींना कान लावा, वर आणि खाली, प्रत्येक जागी मिनिटभर. गुडगुड ऐकू येते का लिहा.

जुना मोतद्दार, रात्री 10:11

मुलीनं नीट सांगितलंय. फिरवण्याचं मी सांगतो. लोळायला लागली तर उठवून दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालवायची, मोकळ्या मऊ जागेत. मग उभी करायची. रात्रभर ओढत फिरवायचं नाही, त्यानं ती दमते आणि अंगातलं पाणी जातं. शांत बसली असेल तर बसू दे. लोळल्यानंच आतडं पिळतं असं नाही. पुष्कळदा आत पीळ बसलेला असतो म्हणून जनावर लोळतं. भिंतीजवळ मात्र लोळू देऊ नका, पाय अडकला की मोडतो. अगाडी-पिछाडी (पुढची-मागची बांधायची दावी) सोडून फक्त मोहरकी (तोंडाची दोरी) ठेवा. मागच्या पायांच्या टप्प्यात उभं राहू नका, वेदनेत ओळखीची घोडीही लाथ घालते.

गाभण आहे का?

कृष्णाकाठ, रात्री 10:32

गाभण नाही.

आबांना तुमचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला, पठारावरचे दादा. काहीच बोलले नाहीत. तेलाचं भांडं उचललं, आत नेऊन ठेवलं आणि घोंगडं घेऊन हरणीच्या तोंडाजवळ जाऊन बसलेत.

शीर सापडायला वेळ लागला, आईनं मोबाइलचा उजेड धरला. 15 सेकंदांत 13, म्हणजे 52. दोनदा मोजली. हिरडी फिकट गुलाबी, थोडी चिकट लागते. ठसा दोन सेकंदांत, कदाचित जरा जास्त, गेला. उजव्या कुशीत लांबनं पाणी वाहिल्यासारखा आवाज आला, एकदाच. डाव्या बाजूला खाली काहीच नाही. घरातल्या थर्मामीटरनं ताप 100.4.

पाचव्या वर्षातली, रात्री 10:38

खूप छान केलंत. हे सगळं वेळेसकट कागदावर लिहा, दर वीस मिनिटांनी परत मोजा. 52 म्हणजे दुखतंय, पण हाताबाहेर गेलेलं नाही. 60 च्या वर जाऊन तिथंच राहिली, हिरड्या विटकरी किंवा जांभळट दिसल्या, किंवा इतका वेळ तळमळणारी घोडी एकाएकी गप्प होऊन थंड घामानं निथळायला लागली, तर थांबू नका, डॉक्टरांना परत परत फोन लावा. ते गप्प होणं म्हणजे बरं वाटणं नसतं. पिकअप कुणाची मिळते का आत्ताच विचारून ठेवा. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायची वेळ आली तर रात्री गाडी शोधण्यात वेळ जायला नको. निघण्याआधी तिथं फोन मात्र करा.

पाण्याचं डॉक्टरांनी सांगेपर्यंत घोट-दोन घोटच.

कृष्णाकाठ, रात्री 1:20

डॉक्टर पावणेबाराला आले. कागद दिला तर आधी तोच वाचला. शेवटची नाडी 56 होती.

नाकातनं नळी घालताना मी मान धरली होती. नळी पोटातच गेलीय ना हे त्यांनी तीन-तीनदा तपासलं. आतनं थोडा वायू आला, पाणी फारसं तुंबलेलं नव्हतं. मग खांद्यापर्यंत मोजा घालून मागनं हात घातला. म्हणाले, मोठं आतडं डाव्या अंगाला मागं येऊन जिथं परत वळतं तिथं ते अरुंद होतं, नेमका तिथंच चारा घट्ट बसलाय. "घट्ट मळलेल्या कणकेसारखा लागतो." पीळ नाही. हे ऐकलं आणि आई मटकन खालीच बसली.

शिरेतनं दुखण्याचं औषध दिलं. नळीतनं तीन लिटर लिक्विड पॅराफिन (पोट सुटायचं पातळ तेल) आणि मीठ घातलेलं कोमट पाणी सोडलं. नळीला लावलेल्या फनेलमधून ते खाली जाताना आबा एकटक बघत होते. डॉक्टर पहाटेपर्यंत थांबणारेत, ओसरीवर टेकलेत. हरणी उभी आहे, मान खाली, पण उकरत नाही. नाडी 44.

कृष्णाकाठ, पहाटे 5:50

लीद टाकली!! पाच गोळे, कोरडेच, पण टाकली. आबांनी हातात घेऊन फोडून बघितली. आत बोटाएवढे लांब धागे तसेच्या तसे, चावलेलेच नाहीत. डावीकडं आता गुडगुड ऐकू येते.

पाचव्या वर्षातली, सकाळी 7:15

किती बरं वाटलं. पॅराफिन मागनं चकाकत बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागतात, तोवर निश्चिंत होऊ नका. भूक लागली म्हणून पोटभर टाकू नका. डॉक्टर सांगतील तेव्हा मूठ-मूठ मऊ हिरवं गवत.

लांब धागे म्हणजे दात बघायला हवेत. घोड्याचे दात जन्मभर वर येत राहतात, झिजताना कडा धारदार होतात, गाल कापतो, मग जनावर नीट चावत नाही. 14 वर्षांच्या घोडीच्या दाढा बहुधा एकदाही कुणी घासल्या नसतील. त्यात चार दिवस नुसतं वाढं, तेही सुकत चाललेलं, पाणी कमी, आणि हालचाल नाही. एकेक गोष्ट खपून गेली असती, सगळ्या एकदम आल्या.

पठारावरचा, सकाळी 8:02

आमच्याकडं थंडीत पाणी कोमट करून ठेवतो, गार पाण्याला घोडं तोंड लावून सोडतं. दिवसात पंचवीस-तीस लिटर पोटात गेलं पाहिजे. बादल्या मोजा. वैरण बदलायची तर आठ-दहा दिवसांत थोडी थोडी बदला. आणि चारा जमिनीवर टाकता का गव्हाणीत? जमिनीवर टाकत असाल तर लीद बादलीभर पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवा, तळाशी काय बसतं बघा.

कृष्णाकाठ, नऊ दिवसांनी

उशिरा लिहितेय, माफ करा. त्याच दिवशी संध्याकाळी लीद तेलकट आली, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी. डॉक्टर परवा पुन्हा येऊन दाढा घासून गेले. तोंडात कानस फिरताना आवाज ऐकवत नव्हता, पण हरणीला गुंगीचं दिलं होतं. डाव्या गालाला आतनं जखम होती, किती दिवसांची कोण जाणे. आमच्या लक्षातच आलं नव्हतं याचं फार वाईट वाटतं. चंदी निम्मी केलीय, भिजवून देतो. वाढं बंद नाही, पण निम्म्याला निम्मं गवत, आणि आबा रोज सकाळी तिला धोमच्या रस्त्यानं तासभर चालवून आणतात. पाण्याच्या बादल्या भिंतीवर खडूनं मोजतात. काल साडेतीन.

दादा, बादलीचं तुम्ही सांगितलं ते केलं. पावसाळ्यात चिखल होतो म्हणून आम्ही जूनमध्ये अंगणात दोन ट्रॉली वाळू टाकली होती, आणि चारा तिथंच जमिनीवर टाकत होतो. लीद कालवली, वरचं पाणी ओतून दिलं. तळाशी दोन मुठी वाळू.

डॉक्टरांना फोटो पाठवला. पोटातली वाळू निघायला इसबगोल सुरू करायला सांगितलंय, किती आणि किती दिवस ते त्यांनी वजनावरून लिहून दिलंय. गव्हाण बांधायला उद्या गवंडी येतोय. किती उंच घ्यावी? वाकून खाता यावं असं आबा म्हणतात, छातीएवढी हवी असं गवंडी म्हणतो.

जुना मोतद्दार, त्याच दिवशी

आबांचं बरोबर आहे. मान खाली घालून खाल्लं की नाकातली धूळ बाहेर पडते. गुडघ्याएवढी घ्या, आतले कोपरे गोल करा, आणि पुढं हातभर फरशी टाका, सांडलेलं तिथनंच वेचेल.