मदत हवी आहे: आठवी ते दहावीच्या मुलांची कथालेखन कार्यशाळा

दिवाळीच्या सुट्टीत वाचनालयात दोन दिवस, सकाळी १० ते १. मुलं २०-२२, निम्मी इंग्रजी माध्यमाची. काहीही लिहायला दिलं की शाळेचा निबंधच होतो, वर सुविचार आणि खाली तात्पर्य. आखणी कशी करावी? आणि कुणी वाचून दाखवायलाच तयार नसेल तर?

शाईचा डाग:
विषय देऊ नका, पेच द्या. 'पाऊस' म्हटलं की पाठ असलेला 'पावसाळ्यातील एक दिवस' उतरतो. त्याऐवजी: शेवटची एसटी चुकली, खिशात २० रुपये, आणि पोरगा घरी खोटं सांगून निघालाय. 'एके दिवशी' आणि हवापाण्याचं वर्णन बंद. शेवट लिहायचाच नाही असं बजावा, म्हणजे तात्पर्याला जागाच उरत नाही.

ओळखपरेड लवकर उरका. मग ७ मिनिटं न थांबता लेखन. अडलं तर 'सुचत नाही' हेच लिहायचं. हे कागद कुणी वाचणार नाही असं सांगा आणि ते पाळा. तुम्हीही बसून लिहा, मुलांच्या मागे डोकावत फिरलात की पेनं थांबतात.

त्यानंतर १५ मिनिटं संवाद: दोन पात्रं, एक जण काहीतरी लपवतोय, पण ते उघड बोलायचं नाही. इथे हमखास गडबड होते ती भाषेची, दोघंही धड्यातल्यासारखं बोलतात. 'हेच तुझी आजी कसं म्हणेल?' एवढं विचारा. वऱ्हाडी, मालवणी, इंग्रजी मिसळलेली, जी येईल ती चालू द्या. शुद्धलेखन दोन्ही दिवस बाजूला.

ओळीमागून ओळ:
इंग्रजी माध्यमवाल्यांचा देवनागरीचा वेग कमी असतो, त्यांना ५ मिनिटं जास्त द्या. जोडाक्षर अडलं तर तो शब्द रोमनमध्ये लिहून पुढे जाऊ दे. फुलस्केपच्या एकाच बाजूला, एक ओळ सोडून लिहायला लावा. दुसऱ्या दिवशी नवीन काही नको, तोच मजकूर कात्रीने कापून परिच्छेद पुढेमागे करायचे. बहुतेकांची खरी सुरुवात दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात सापडते.

वाचन चार-पाच जणांच्या गटात, तेही ऐच्छिक. नको असेल तर एकच वाक्य वाचायचं. ऐकणाऱ्याने लक्षात राहिलेली एक ओळ सांगायची आणि एक प्रश्न विचारायचा. नुसतं 'छान' चालणार नाही. तोवर लेखक गप्प, नाहीतर तो कथेचं स्पष्टीकरण देत बसतो.

कट्ट्यावरची:
एक महत्त्वाचं राहिलं. या वयात भुतंखेतं, रक्तपात भरपूर येतो, त्याने दचकू नका. पण मारहाण, छळ किंवा जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल काही खरं वाटलं तर मुलाशी बाजूला बोला. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र कधीच देऊ नका, कारण धोका असेल तर सांगावंच लागतं. हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना स्पष्ट करा. चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर १०९८ फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. आणि शेवटी कथा छापणार असाल तर मुलांना आधी विचारा, टोपणनावाची मुभाही द्या.